सलालाचे डोंगर हिरवे होतात ते थंड समुद्रामुळे

जून संपत आला की आखातातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर सलालाचे व्हिडिओ फिरू लागतात. धुक्यात बुडालेले डोंगर, रस्त्याकडेला शहाळ्यांच्या टपऱ्या आणि खाली मथळा: ‘वाळवंटात कोकणासारखा पाऊस!’ ओमानच्या दक्षिण टोकाचा, सलाला शहराभोवतीचा हा धोफार किनारा जाऊन पाहावा असाच आहे, पण मथळा साफ चुकीचा. सलालात वर्षभरात मिळून शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. मग तिथले डोंगर हिरवे होतात कशाने?

वारा आपलाच आहे. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून अरबी समुद्रात शिरणारा हा नैर्ऋत्य मोसमी वारा पुढे कोकणात कोसळतो. धोफारला मात्र तो किनाऱ्यावर आदळत नाही, किनाऱ्याला साधारण समांतर वाहतो. सगळी गंमत इथेच आहे. वारा पाण्याला आपल्याच दिशेने ढकलत नेईल असे वाटते, पण तसे होत नाही. बर्फाचे तुकडे वाऱ्याच्या उजवीकडे वाहत जातात हे नॉर्वेचा शोधप्रवासी नान्सेन याने आर्क्टिकच्या सफरीत पाहिले होते. त्यामागचे गणित स्वीडनचा समुद्रशास्त्रज्ञ एकमन याने १९०५ साली मांडले. वारा पाण्याचा वरचा थर ओढतो, तो थर खालच्याला ओढतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा जास्त उजवीकडे वळतो आणि थोडा मंदही होतो. सगळ्या थरांची बेरीज केली, तर पाणी वाऱ्याच्या उजवीकडे थेट काटकोनात सरकते.

आता नकाशा बघा. वारा ईशान्येकडे चाललेला, डाव्या हाताला धोफार, उजव्या हाताला खुला समुद्र. म्हणजे पावसाळाभर वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर जात राहते आणि त्याची जागा भरायला खालचे गार पाणी वर येते. त्याच्यासोबत नायट्रेट, फॉस्फेट येतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पोसतात आणि प्लवकांवर तारल्या. तारल्या वाळवून गुरांना आणि उंटांना खाऊ घालायची तिथली रीत जुनी आहे; चौदाव्या शतकात इब्न बतूतानेही ती नोंदवली आहे.

या गार पाण्यावरून येणारी दमट हवा थंडावते आणि धुके होते. ते धुके वर चढून मोठा ढग का होत नाही? कारण वर रुब अल खालीच्या वाळवंटातून आलेली तापलेली, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. सह्याद्रीवर ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतो. धोफारचा ढग या झाकणाखाली दबून डोंगराला चिकटतो, आणि त्यातून पडते ती नुसती भुरभुर.

पुढचे काम झाडे करतात. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या काही शतांशाएवढा. स्वतःच्या वजनाने तो खाली येतच नाही, वाऱ्याबरोबर आडवा वाहतो. वाटेत पान किंवा काटकी आली की हवा वळसा घालून निघून जाते, पण थेंबाला तेवढे चटकन वळता येत नाही आणि तो पानावर आपटतो. असे असंख्य थेंब मिळून टपोरा थेंब होतो आणि ठिबकतो. सलालामागच्या जबल करा या डोंगराच्या उतारावर उघड्यावर कपडे जेमतेम दमट होतात, तर झाडाखाली पाणी टपटपत असते. खोडावरूनही ओघळ मुळाशी उतरतात. इथले मुख्य झाड, ॲनोजिसस धोफारिका, आपल्या धावड्याचे जवळचे नातलग आहे. ही पानगळीची झाडे नेमकी धुक्याच्या दिवसांत पालवतात. आंके हिल्डेब्रांट आणि एल्फातिह एलताहिर या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की हे जंगल आपल्यापुरते पाणी स्वतःच मिळवते.

एवढे खरे नवल समोर असताना बरेच पर्यटक मिरबातजवळच्या ‘गुरुत्वाकर्षण नसलेल्या’ रस्त्याकडे धावतात, याचे वाईट वाटते. तिथे गाडी चढावर जाते असे वाटते, पण तो उतारच असतो. आजूबाजूच्या डोंगरांमुळे क्षितिजाचा अंदाज चुकतो. मोबाइलमधले उतार दाखवणारे लेव्हल ॲप उघडून फोन रस्त्यावर ठेवून बघावा.

धोफारला खरी काळजी उंटांची आहे. कळप वाढले आहेत आणि उंट उंचावरचा पालाही खातो. गवत धुके फारसे अडवू शकत नाही, उंच झाडच ते अडवते. त्यामुळे झाडे गेलेल्या उतारावर धुके पूर्वीसारखेच येते, पण जमिनीत मुरणारे पाणी कमी होते, आणि तेवढ्या पाण्यावर नवे रोप उन्हाळा काढू शकत नाही.