खुलासा: ‘क्लासिक स्टार वॉर्स’ म्हणजे पेपरातली मूळ चित्रपट्टी नव्हे

जुन्या कॉमिक्सच्या संग्राहकांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: डार्क हॉर्स या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकाचे ‘क्लासिक स्टार वॉर्स’चे 20 अंक (1992-94) घेतले, की लेखक आर्ची गुडविन आणि चित्रकार अल विल्यमसन यांची अमेरिकन वर्तमानपत्रांतली ‘स्टार वॉर्स’ चित्रपट्टी जशीच्या तशी हाती आली. तसं नाही.

पेपरातली पट्टी रोज तीन-चार चौकटींची. कालचा अंक हुकलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत बहुतेकदा मागच्या कथेची उजळणी असे. रविवारी मोठी, रंगीत पट्टी. आठवडाभर मात्र काळी-पांढरी. हे सलग पानांवर मांडलं की तीच गोष्ट पुनःपुन्हा वाचावी लागते. म्हणून डार्क हॉर्सने उजळणीच्या चौकटी कापल्या, उरलेल्यांची नव्याने जुळणी केली, काही चित्रं वाढवून घेतली आणि सगळ्यालाच रंग चढवला. वाचायला मजा येते, नाकारत नाही. पण विल्यमसनच्या शाईच्या बारीक रेघा रंगाखाली दबतात, हे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं.

शिवाय ही पट्टी 1979 मध्ये सुरू झाली ती चित्रकार रस मॅनिंगच्या हातून. गुडविन-विल्यमसन जोडी आली 1981 मध्ये. म्हणजे पट्टीची सुरुवातीची वर्षं या 20 अंकांत नाहीतच.

मूळ मांडणीच हवी असेल, तर 1991 चा, प्रकाशक रस कॉक्रनचा तीन खंडांचा संच बघा, पण त्यात फक्त या जोडीचं काम आहे. मॅनिंगपासून सगळं हवं असेल, तर आयडीडब्ल्यू या प्रकाशकाचे 2017 पासून निघालेले तीन आडवे खंड घ्या.