ध्वजदिनाचा डबा दाराबाहेर का राहतो?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पश्चिम उपनगरातल्या एका मॉलच्या दारात पाहिलेली गोष्ट. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, निळा ब्लेझर, छातीवर पदकं, हातात माजी सैनिकांसाठीच्या ध्वजदिन निधीचा सीलबंद डबा. सिक्युरिटीवाला त्यांना अडवत होता, पण अगदी सावधान उभा राहून. "साहेब, आत नाही सोडता येणार. मॅनेजमेंटचं लेटर लागतं." मग आवाज खाली आणत, "कुठली पलटण?" उत्तर ऐकून त्याने खिशातली दहाची नोट डब्यात टाकली आणि समोरच्या बसस्टॉपकडे बोट दाखवलं. "तिकडे उभे राहा. तिथं आमचं काही चालत नाही."

ब्रिटन-अमेरिकेत असा नकार मिळाला की गहजब होतो. इथे कुणी वळूनही पाहिलं नाही. का, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

माजी सैनिकांसाठी भररस्त्यात पैसे जमवण्याची रीत इंग्रजांची. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबरला थांबलं म्हणून १९२१ पासून त्या दिवशी ब्रिटनमध्ये छातीला लावायची लाल पॉपीची फुलं विकली जाऊ लागली. साम्राज्यातही ती आली. मात्र पैसा मुख्यतः गोऱ्या सैनिकांच्या वाट्याला जायचा. शेजारच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, यावरूनच १९३१ साली माजी सैनिकांनी त्याच दिवशी 'सुरिया' झाडाची फुलं विकायला काढली, आपल्या लोकांसाठी. हे सुरिया म्हणजे आपली रानभेंडी. 

स्वातंत्र्यानंतर माजी सैनिकांच्या मदतीचा प्रश्न अधिक टोकदार झाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपताच त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवलं, पेन्शनशिवाय. सातारा, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत तेव्हा माणूस परतला, पण मनिऑर्डर बंद झाली. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळायचं ठरवलं. लाल, गडद निळा आणि आकाशी असा तीन पट्ट्यांचा छोटा झेंडा, म्हणजे तिन्ही दलं. त्यामागची कल्पना अशी की झेंडे नागरिकांनी वाटायचे आणि पैसेही नागरिकांनीच गोळा करायचे. सैनिकाने स्वतः डबा घेऊन फिरावं, असं त्यात कुठेच नव्हतं. माझ्या मते आजच्या अवघडलेपणाचं मूळ इथेच आहे.

आमच्या शाळेत बाई टाचणी लावलेले झेंडे वाटायच्या आणि सुटे पैसे खडूच्या रिकाम्या खोक्यात जमायचे. पुढे हे काम हळूहळू सरकारी झालं. जिल्हाधिकाऱ्यांना निधीचं उद्दिष्ट ठरवून मिळतं, ते खात्याखात्यांत वाटलं जातं, आणि बहुतेकांच्या लेखी ध्वजदिन म्हणजे ऑफिसात फाडलेली एक पावती. दुकानदाराच्या गल्ल्याशी त्याचा संबंध उरला नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमात भिकेची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की भिक्षा मागायला खासगी जागेत शिरणंही तीत बसतं. अधिकृत परवानगीने जमवलेल्या पैशाला सूट आहे. धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाचं कलम ४१ क आडवं येतं, आधी परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ते चांगलंच पाठ आहे. म्हणजे लेटर मागणारा पहारेकरी अगदीच मनाचं बोलत नव्हता. शिवाय जागा खासगी. मालक नाही म्हणाला की विषय संपला.

तरी पूर्वी दार इतकं घट्ट नव्हतं. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलसाठी वाण्याच्या काउंटरवरसुद्धा डबे होते, परवानगी कुणी विचारली नाही. आणि त्याच वर्षी हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा सुरुवातीला तिथला खाक्या. दुकानात कोण येणार हे दारावरच ठरवायचं, ही सवय मुंबईला तिथून लागली. वाण्याला विचारायचं तर तो समोर बसलेला असे. मॉलमध्ये विचारायचं कुणाला?

दारावर उभा असतो तो पुष्कळदा पूर्वी फौजेतच असतो. शिपाई ऐन चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो, आणि २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा भरतीत माजी सैनिकांना प्राधान्य द्यायची मुभा देतो. त्यामुळे अडवणारा आणि अडवला जाणारा एकाच पलटणीचे निघणं मुळीच अशक्य नाही.

सैन्याच्या नावाने पैसे मागण्याला मुंबईत एकदा वेगळंच वळण लागलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये पाकिस्तानी कलाकार घेणाऱ्या निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी द्यावेत, अशी अट राज ठाकरे यांनी घातली. निवृत्त अधिकाऱ्यांनीच ती धुडकावली, आणि देणगी स्वेच्छेचीच हवी, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीही स्पष्ट केलं. खंडणीचा वास आला की खरा डबाही संशयात सापडतो.

दरम्यान मोठ्या कंपन्यांची देण्याची वाट बदलली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी करायच्या सामाजिक खर्चाच्या, यादीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठीचा खर्च बसतो. त्यामुळे मुख्य कार्यालयातून ध्वजदिन निधीला लाखोंचा धनादेश जातो, फोटो निघतो, आणि त्याच कंपनीच्या दुकानाच्या दारात डबेवाल्या आजोबांना रस्ता ओलांडायला सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच.

त्या दिवशी बसस्टॉपवर फारशी गर्दी नव्हती. मी नोट टाकली तेव्हा आजोबांनी ब्लेझरच्या खिशातून टाचणीचा झेंडा काढून दिला. टाचणी गंजलेली होती.