फायबरग्लास बोटीच्या बुडाचा जुना रंग उतरवणे

समुद्रात नांगरून राहणाऱ्या बोटीच्या पाण्याखालील भागावर वर्षानुवर्षे चढलेले शेवाळरोधक (अँटीफाउलिंग) रंगाचे थर काढणे, उघडे पडलेले बूड तपासून दुरुस्त करणे आणि त्यावर नवे संरक्षक आवरण चढवणे असे हे तिहेरी काम आहे. रंग कोणत्याही हत्याराने निघतो. त्याखालचा जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा जेलकोट शाबूत ठेवणे हे खरे कसब.

जेलकोट हा बोट तयार झाल्यावर मारलेला रंग नव्हे. साच्याच्या आतल्या बाजूला मेण लावून पहिला थर जेलकोटचाच देतात. त्यावर काचतंतूंच्या चटया अंथरून पॉलिएस्टर रेझिनने भिजवतात आणि सगळे घट्ट झाले की साचा काढतात. त्यामुळे बोटीची कातडी आधी बनते आणि अंग मागाहून. ही कातडी एकदा घासली गेली, की तिच्या मागचे काचतंतू थेट पाण्याला भिडतात.

बूड रंगवावे लागते ते त्यावर वस्ती करणाऱ्या जीवांमुळे. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नेकल (बुडाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) आणि कालवे. वस्ती वाढली की वेग घटतो आणि डिझेल जास्त जळते. यावर तांब्याचा उपाय जुना आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी बुडावर तांब्याचे पत्रे ठोकले. जीव चिकटले नाहीत, पण तांब्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे मात्र खाल्ले गेले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली व १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही याच तांबे-युगातली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाहता येते. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवली, तेव्हा एक गंमत झाली. झिजणे थांबताच तांब्यावरही बार्नेकल बसू लागले. म्हणजे तांबे उपयोगी पडते ते थोडे थोडे विरघळते म्हणून. आजचे रंग याच तत्त्वावर चालतात. त्यांतील मुख्य घटक क्युप्रस ऑक्साइड (तांब्याचे संयुग) असतो आणि काही रंगांत तो वजनाच्या निम्म्याच्या आसपास भरतो.

हे रंग ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात रंगाचा सांगाडा तसाच राहतो आणि फक्त तांबे पाझरून जाते. दुसऱ्यात पृष्ठभागच साबणासारखा झिजत जातो. पहिल्या प्रकारात दरवर्षी नवा हात मारला की जुने पोकळ सांगाडे एकावर एक साचतात. दहा-पंधरा थर झाले की पोपडे सुटतात, कडा उभ्या राहतात आणि नवा रंग पोपड्यासकट गळून पडतो. ती वेळ आली, की वरवरची घासपूस म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

जुन्या बोटींच्या तळच्या थरांत याहून घातक वस्तू असू शकते. १९६० च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) हे कथिलाचे, म्हणजे टिनचे, विषारी संयुग या रंगांत वापरात आले आणि ते कमालीचे परिणामकारक ठरले. पण त्यामुळे फ्रान्समधील आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोसळली, शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. काही सागरी गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. म्हणून ऐंशीच्या दशकातली किंवा त्याआधीची बोट खरवडायला घेताना सगळ्यात आतला थर विषारीच आहे असे धरून चालावे.

बोट वर ओढल्याबरोबर, बूड ओले असतानाच, जोरदार पाण्याने धुऊन काढतात. शेवाळ व बार्नेकल वाळले की दगडासारखे बसतात. त्यानंतर रंगाकडे वळायचे. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कार्बाइड पात्याची खरवडणी. ती ढकलायची नसते, आपल्याकडे ओढायची, आणि पात्याचे कोपरे आधी गोल करून घ्यायचे. नाहीतर प्रत्येक हेलकाव्याला जेलकोटवर एक चर उमटतो. रासायनिक रंगकाढू जाडसर थापून, वर प्लॅस्टिक झाकून काही तास ठेवला की अनेक थर एकदम सैल होतात. मात्र तो फायबरग्लाससाठीच बनवलेला हवा. लोखंडी फाटकाचा रंग काढायला वापरतात त्या प्रकारातल्या मिथिलीन क्लोराइडने जेलकोटसुद्धा मऊ पडतो. शिवाय त्याच्या वाफेने बंद जागेत माणसे दगावलेली आहेत आणि अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्याची विक्री २०१९ पासून बंद आहे.

यंत्राने घासणे बहुतेकांना सोपे वाटते आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. ६० किंवा ८० क्रमांकाचा कागद लावलेले यंत्र रंग संपून जेलकोट सुरू झाल्याचे सांगत नाही. ते डोळ्यांनीच ओळखावे लागते. एका जागी दोन क्षण रेंगाळले की खळगा पडतो. यंत्राला धूळ ओढणारा पंप जोडणे किंवा ओले घासणे आवश्यक आहे, आणि चेहऱ्यावर रुमाल बांधणे पुरेसे नाही, योग्य गाळणीचा मुखवटाच हवा. वाळूच्या फवाऱ्याने जेलकोटला बारीक छिद्रे पडतात, म्हणून खाण्याच्या सोड्याचा फवारा पुढे आला. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या आतील डांबराचे थर काढताना तांब्याच्या पातळ पत्र्याला धक्का लागू नये म्हणून हाच सोडा वापरला होता. मात्र फवाऱ्यानंतर सोड्याचा कण न् कण धुऊन काढला नाही, तर पुढचा थर धरत नाही.

रंग गेला की बूड बोलू लागते. वाटाण्याएवढे, कधी रुपयाएवढे फोड दिसतात. जेलकोट पूर्णपणे जलरोधक नसतो. त्यातून पाण्याचे रेणू आत शिरतात, रेझिनमधले विद्राव्य अंश विरघळवतात, आणि हे गाढ द्रावण बाहेरचे आणखी पाणी ओढून घेते. बेदाणा पाण्यात टाकला की टम्म फुगतो, तोच न्याय. फोड फोडताना चष्मा हवाच, कारण आतला द्रव दाबाखाली असतो आणि व्हिनेगरसारखा आंबट वास मारत उडतो. तुरळक फोड असतील तर ते उघडून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सी या रेझिनच्या लांबीने (पुट्टीने) भरतात. पाण्याखाली पॉलिएस्टर लांबी भरवशाची नाही. बुडाला सर्वत्र देवी आल्यासारखे झाले असेल तर जेलकोट यंत्राने सोलून काढून, महिनोन्‌महिने वाळवून नवे थर द्यावे लागतात. हा खर्च जुन्या बोटीच्या किमतीला भिडू शकतो, त्यामुळे थोडक्या फोडांसाठी घाबरून एवढे करू नये.

वाळवणे हाच सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोकण किनाऱ्यावर यात एक विचित्र पेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि बोटी तेव्हाच निवांत वर असतात. नेमकी तेव्हाच हवा पाण्याने भिजलेली. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट मेणकट साय येते, जी कोमट पाण्याने घासून काढल्याशिवाय दुसरा हात धरत नाही. छपराखाली जागा किंवा लांब उघडीप मिळाली तरच काम नीट होते, आणि खोलवरच्या दुरुस्तीसाठी हिवाळाच बरा. नुसत्या काचतंतूंऐवजी मध्ये लाकडाचा गाभा असलेल्या बुडाला जास्त जपावे लागते. नौदलाची, गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ अशाच रचनेची आहे. एखाद्या बोल्टच्या भोकातून गाभ्यात पाणी गेले तर ते बाहेर यायला वाट राहत नाही.

बूड सुकल्यावर इपॉक्सीचा पाणीरोधक थर सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत चार-पाच हातांत चढवतात. शेवटचा हात ओलसर असतानाच पहिला अँटीफाउलिंग मारायचा असतो. अंगठा टेकवला तर ठसा उमटावा, पण अंगठ्याला रंग लागू नये, ही वेळ. बुडावर बसवलेल्या जस्ताच्या पट्ट्यांवर रंग लावत नाहीत, कारण इतर धातूच्या भागांऐवजी स्वतः झिजणे हेच त्यांचे काम. अँटीफाउलिंगचा पहिला हात वेगळ्या रंगाचा देतात, समजा तांबडा, आणि वरचे निळे. पुढे कधी निळ्यातून तांबडे डोकावले की रंग संपत आला हे कळते. तांबे असलेला रंग ॲल्युमिनियमच्या बोटीला मात्र चालत नाही; तिथे ‘अलार्म’च्या खिळ्यांचीच कथा पुन्हा घडते.

बोट ज्या टेकूंवर उभी असते त्यांच्या खालच्या जागा शेवटी उरतात. एका वेळी एकच टेकू, तोही यार्डाच्या माणसाकडून, हलवून त्या रंगवतात. खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर जमलेली खरवड तांब्याने व कधी टिनने भरलेली असते. ती किनाऱ्यावर झाडून टाकली तर पहिल्या पावसात पुन्हा खाडीत उतरते, म्हणून पोत्यांत भरून घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावतात.