मायनर स्केल आणि कोमल गंधार

‘मेजर स्केल आनंदी, मायनर दुःखी’ असे गिटार किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगितले जाते आणि विषय तेथेच संपतो. पण होळीची गाणी ज्या काफी रागात हमखास रंगतात, त्याचाही गंधार (‘ग’) मायनरसारखा कोमल, म्हणजे उतरलेलाच असतो. त्यामुळे भावनेऐवजी कंपनसंख्या (हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

हार्मोनियमवर पांढरी सहा हा षड्ज (‘सा’) धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, की नैसर्गिक ए मायनर मिळते. आपल्याकडे हा आसावरी थाट; त्यात गंधार, धैवत आणि निषाद कोमल असतात, पण मायनरपण ठरवतो तो गंधार.

समजा, षड्ज २२० हर्ट्झचा आहे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटतात. यातला पाचपटीचा, म्हणजे ११०० हर्ट्झचा उपस्वर हा शुद्ध गंधार असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. मेजर कॉर्डमधला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर; इथे षड्ज, गंधार आणि पंचम) शुद्ध गंधार २७५ हर्ट्झचा असल्याने त्याची चौपटही नेमकी ११०० भरते आणि दोन्ही एकमेकांत विरघळतात. कोमल गंधार मात्र षड्जाशी ६:५ या प्रमाणात, २६४ हर्ट्झवर असतो. त्याची चौपट १०५६ होते, आणि ४४ हर्ट्झच्या या तफावतीमुळे कानाला किंचित खरखर जाणवते. (पियानोच्या समविभाजित, म्हणजे बारा समान भागांच्या सप्तकात आकडे थोडे सरकतात, तरी मेजरपेक्षा मायनरमधली तफावत मोठीच राहते.) असे असूनही मायनर कॉर्ड बेसूर वाटत नाही, कारण षड्जाची सहापट, कोमल गंधाराची पाचपट आणि ३३० हर्ट्झच्या पंचमाची चौपट या तिन्ही १३२० वर एकत्र येतात.

युरोपात सोळाव्या शतकापासून मायनरमधल्या रचनेचाही अखेरचा कॉर्ड अनेकदा मेजर ठेवला जाई. जर्मन संगीतकार बाखच्या १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाविअर’ या संग्रहामधला सी मायनर प्रिल्यूड असाच संपतो. स्वयंभू गंधार लक्षात घेतला, की ही प्रथा मला अगदी स्वाभाविक वाटते.

‘ए’ हा स्वर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला जुळवलेल्या संगीताने आजार बरे होतात, या प्रचारावर कृपया विश्वास ठेवू नये. षड्ज कोणत्याही पट्टीत नेला तरी ६:५ हे प्रमाण बदलत नाही, आणि मेजर-मायनरचा सारा फरक अशा प्रमाणांतच असतो.

नैसर्गिक मायनरमधला कोमल निषाद षड्जापासून पूर्ण स्वराच्या अंतरावर असल्याने त्याची षड्जाकडे ओढ कमी असते. म्हणून पाश्चात्त्य रचनाकार पांढऱ्या पाचऐवजी काळी चार घेतात, म्हणजेच निषाद शुद्ध करतात. ही हार्मोनिक मायनर. तिचे स्वर आपल्या कीरवाणी रागाचेच आहेत.