जोड्यांवरून पेटलेलं वैर: मालिकांच्या चाहत्यांमधल्या भांडणांची पार्श्वभूमी

मालिकेतल्या कोणत्या दोन पात्रांचं जुळावं यावरून चाहत्यांमध्ये तट पडतात, हे सगळं समाजमाध्यमांमुळे सुरू झालं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात हे भांडण पन्नास वर्षांहून जुनं आहे. या काळात बदलला तो त्याचा रोख. आधी वाद गोष्टीवर होता. मग तो समोरच्या चाहत्याच्या चारित्र्यावर गेला, तिथून लेखकावर आणि शेवटी ते पात्र रंगवणाऱ्या अभिनेत्रीवर. अभिनेत्रीवर असं मुद्दाम म्हणतो, कारण या इतिहासात मार खाणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त दिसतात.

सुरुवात 'स्टार ट्रेक'पासून करावी लागते. अंतराळप्रवासाची ही मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. दुसऱ्या सीझननंतर ती बंद होणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा बीजो ट्रिम्बल आणि तिचा नवरा जॉन यांनी चाहत्यांना हाताशी धरून पत्रांची मोहीम उभारली. वाहिनीकडे पत्रांचा ढीग लागला आणि तिसरा सीझन आला. आपण दबाव आणला की पडद्यावरची गोष्ट हलते, हा धडा प्रेक्षक तिथे शिकले आणि पुढे कधीच विसरले नाहीत.

याच चाहत्यांनी पदरमोड करून छापलेली छोटी नियतकालिकं निघत होती. 'स्पॉकनेलिया' हे त्यातलं पहिलं, १९६७ मधलं. त्यांत मालिकेची समीक्षा असे, चित्रं असत आणि चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या कथाही असत. १९७४ मध्ये 'ग्रप' नावाच्या अशाच एका अंकात डायान मर्चंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची, दोन पुरुषांच्या प्रेमसंबंधाची एक छोटी कथा आली. कथेत कुणाचंच नाव नव्हतं, पण ते दोघे म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक हे वाचणाऱ्यांना कळलं. या जोडीचं नाव लिहिताना 'कर्क' आणि 'स्पॉक' यांच्यामध्ये तिरकी रेघ मारायची पद्धत पडली, आणि त्या रेघेवरून अशा सगळ्या लेखनाला 'स्लॅश' म्हणू लागले. लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या.

त्यावरून चाहत्यांमध्ये कडाक्याचं वाजलं. पात्रांची ही विटंबना आहे, असं एका बाजूचं म्हणणं. आम्ही पडद्यावर जे दिसतं तेच वाचतोय, असं दुसरीचं. वर्षानुवर्षं पत्रांतून हा वाद रंगला. १९७९ मध्ये मालिकेचा पहिला चित्रपट आला, तेव्हा त्याच्या कादंबरीरूपात मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी एक तळटीप घातली. कर्क आणि स्पॉक यांच्यात प्रेमसंबंध असल्याच्या वावड्यांवर खुद्द कर्क त्या तळटिपेत उत्तर देतो. चाहत्यांच्या भांडणाची निर्मात्याने कथेच्या आत शिरून दखल घेतल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी ती तळटीप आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरली.

त्या काळातही लोक एकमेकांना टोचून लिहीत. पण लिहिणाऱ्याला टपालखर्च पडे, उत्तराला काही आठवडे लागत आणि चाहत्यांच्या पुढच्या संमेलनात तीच व्यक्ती समोर उभी राहण्याची शक्यता असे. या तीन गोष्टींनी किती आवर घातला होता, हे त्या गेल्यावर कळलं.

सप्टेंबर १९९३ मध्ये फॉक्स वाहिनीवर 'द एक्स-फाइल्स' सुरू झाली आणि भांडण संगणकावर आलं. मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे दोन अधिकारी. तो श्रद्धाळू, ती डॉक्टर आणि चिकित्सक. निर्माते ख्रिस कार्टर यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की या दोघांमध्ये प्रेमप्रकरण होणार नाही. त्यामागे दूरचित्रवाणीच्या धंद्यातली एक भीती होती. १९८५ ते १९८९ या काळातल्या 'मूनलायटिंग' मालिकेत नायक-नायिका एकत्र आले आणि पुढे मालिकेची लोकप्रियता ओसरली. त्यामागे इतरही कारणं होती, पण जोडी जमली की मालिका संपली, हा समज लेखकांच्या डोक्यात घट्ट बसला.

'यूजनेट' या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांमध्ये 'एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांचे दोन गट झाले. दोघांचं नातं जुळावं असं म्हणणारे स्वतःला 'रिलेशनशिपर' म्हणवत. त्याचं पुढे 'शिपर' झालं, आणि आज कोणत्याही जोडीची बाजू घेण्याला 'शिपिंग' म्हणतात ते त्यातूनच. रोमान्स नको म्हणणारे झाले 'नोरोमो'. मला या नोरोमोंबद्दल आदर वाटतो. एक पुरुष आणि एक स्त्री बरोबरीने काम करतात, एकमेकांवर जिवापाड विश्वास ठेवतात आणि तरी त्याचं लग्नात रूपांतर होत नाही, हे तेव्हा पडद्यावर दुर्मीळ होतं. ते गमावण्याची त्यांची भीती खरी होती. शिपरांची ओढही तितकीच खरी होती. दोन माणसं एकमेकांकडे तशी बघत असतील, तर गोष्टीने ते कबूल का करू नये?

हा वाद कुणी मिटवला नाही, कारण तो न मिटण्यातच मालिकेचा फायदा होता. १९९८ च्या चित्रपटात दोघांचे ओठ जवळ येतात आणि नेमकी त्याच क्षणी स्कलीला मधमाशी डसते. शिपर म्हणाले, बघा, जवळ आले. नोरोमो म्हणाले, बघा, झालं नाही. दोघांनीही मालिका बघणं सोडलं नाही. पहिलं खरंखुरं चुंबन दिसायला नोव्हेंबर १९९९ उजाडला, म्हणजे सातवा सीझन. त्या चित्रपटाच्या जरा आधी, पाचव्या सीझनच्या अखेरीस, डायना फाउली हे पात्र आलं. ती मल्डरची जुनी सहकारी आणि एकेकाळची जोडीदार. तिच्यावर शिपरांनी जो राग काढला तो आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. मल्डर तिच्यावर विश्वास ठेवतो याचा दोष मल्डरला कमी लागला आणि तिला जास्त. जोडीच्या आड येणारी बाई सगळ्यात मोठी अपराधी, हा हिशोब तिथून पुढे प्रत्येक मालिकेत दिसतो.

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' (१९९७ ते २००३) या मालिकेत आणखी एक वळण आलं. व्हॅम्पायरांशी लढणाऱ्या बफीने एंजलबरोबर असावं की स्पाइकबरोबर (हे दोघेही व्हॅम्पायरच), यावरून चाहते आधीच विभागले होते. तोवर भांडण आवडीनिवडीचं होतं. ७ मे २००२ रोजी दाखवलेल्या भागात दोन गोष्टी घडल्या. स्पाइकने बफीवर बलात्काराचा प्रयत्न केला, आणि बफीची मैत्रीण विलो हिची प्रेयसी टारा एका भरकटलेल्या गोळीने मेली. त्या रात्रीनंतर स्पाइक-बफी जोडी आवडते असं म्हणणाऱ्याला विचारलं जाऊ लागलं की तुला बलात्कार मान्य आहे का. टाराच्या मृत्यूने समलिंगी प्रेक्षकांना वेगळं दुखावलं. पडद्यावर त्यांना मोजकीच सुखी जोडपी दिसत होती, आणि त्यांतलं एक असं संपवलं गेलं. दोन्ही प्रश्न गंभीर होते आणि विचारायलाच हवे होते. पण कोणती काल्पनिक जोडी आवडते यावरून खऱ्या माणसाची नैतिकता मोजायची सवय याच काळात मुरली.

मग ट्विटर आलं, आणि चाहते, लेखक, कलाकार यांच्यातलं अंतर संपलं. अ‍ॅना गनने ऑगस्ट २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक लेख लिहिला. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये ती नायकाची बायको स्कायलर साकारत होती. गुन्हेगार नवऱ्याला विरोध करणाऱ्या या पात्राचा द्वेष वाढत वाढत तिच्यापर्यंत पोचला होता. तिला ठार मारण्याची भाषा करणारा मजकूर तिच्या वाचनात आला होता. तो शिपिंगचा वाद नव्हता, पण यंत्रणा तीच होती. बीबीसीच्या 'शेरलॉक'मध्ये डॉ. वॉटसनची बायको मेरी साकारणाऱ्या अमांडा अ‍ॅबिंग्टनलाही जीवे मारण्याच्या धमक्या आल्या, असं तिनेच सांगितलं. शेरलॉक आणि जॉन वॉटसन यांची जोडी मानणाऱ्या काहींना तिचं पडद्यावर असणंच खुपत होतं.

हे सगळे धागे एकत्र आले ते 'द हंड्रेड'मध्ये. द सीडब्ल्यू वाहिनीवर मार्च २०१४ मध्ये सुरू झालेली ही विज्ञानकथा अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीवर घडते. नायिका क्लार्क आणि तिचा साथीदार बेलमी यांची जोडी, म्हणजे 'बेलार्क', मानणारे चाहते पहिल्या सीझनपासून होते. दुसऱ्या सीझनमध्ये लेक्सा ही सेनानायिका आली, क्लार्कचं आणि तिचं नातं उघडपणे प्रेमाचं झालं, आणि 'क्लेक्सा'चे चाहते उभे राहिले. हे फक्त चाहत्यांनी कल्पनेत रंगवलेलं नातं नव्हतं, मालिकेने ते स्वतः दाखवलं होतं. निर्माते जेसन रोथेनबर्ग आणि त्यांची टीम या प्रेक्षकांशी समाजमाध्यमांवर थेट बोलत होती, त्यांचं कौतुक स्वीकारत होती आणि त्यांची आशा वाढवत होती.

३ मार्च २०१६ च्या भागात क्लार्क आणि लेक्सा पहिल्यांदा एकत्र रात्र घालवतात, आणि काही मिनिटांत क्लार्कवर झाडलेली गोळी चुकून लेक्साला लागते. चौदा वर्षांपूर्वीची टारा आठवल्याशिवाय हे बघणं अशक्य होतं. अभिनेत्री अ‍ॅलिशिया डेबनम-कॅरी दुसऱ्या मालिकेत गुंतली होती, त्यामुळे पात्र संपवण्याला व्यावहारिक कारण होतं. मृत्यू असाच व्हावा, ही निवड मात्र लेखकांची होती.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत चाहत्यांच्या जगाचं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट रूप एकाच वेळी दिसलं. एलजीबीटी तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या 'ट्रेव्हर प्रोजेक्ट'साठी चाहत्यांनी एक लाख डॉलरहून जास्त निधी गोळा केला. मालिकांतल्या समलिंगी पात्रांना कसं वागवावं याची एक प्रतिज्ञा काही लेखकांनी जाहीर केली. २४ मार्चला रोथेनबर्ग यांनी खुलं पत्र लिहून माफी मागितली. पुढच्या वर्षी लास व्हेगसला 'क्लेक्साकॉन' हे संमेलन भरलं. त्याच काळात रोथेनबर्ग आणि लेखकांना शिव्याशाप मिळत होते. बेलार्कची बाजू घेणाऱ्यांना सरसकट समलिंगीद्वेष्टे ठरवलं जात होतं, आणि त्यांच्यातले काहीजण लेक्साच्या मृत्यूचा खरोखरच उत्सव करून तो आरोप सिद्ध करत होते. ज्यांचं दुःख खरं होतं त्यांचा आवाज या गदारोळात दबला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे २०१९ मध्ये क्लार्क आणि बेलमी साकारणारे एलिझा टेलर आणि बॉब मॉर्ली यांनी प्रत्यक्षात लग्न केलं. मालिकेत मात्र ती जोडी कधीच जमली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, शेवटच्या सीझनमध्ये, क्लार्कनेच बेलमीला गोळी घातली. दोन्ही गट रिकाम्या हाताने परतले.

मुलांच्या कार्टून मालिकाही यातून सुटल्या नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये 'स्टीव्हन युनिव्हर्स'च्या एका स्टोरीबोर्ड कलाकाराला जोडीच्या वादातून झालेल्या छळामुळे ट्विटर सोडावं लागलं.

आपल्याकडची पार्श्वभूमी वेगळी आहे, कारण दैनंदिन मालिका वेगळ्या पद्धतीने चालते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये नायक मिहिरचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षक इतके हळहळले की त्याला परत आणावं लागलं. इथे प्रेक्षकांना आपली ताकद कळायला पत्रमोहिमेचीही गरज पडली नाही. 'कसौटी जिंदगी की'मध्ये प्रेरणा अनुरागची की बजाजची, यावर घराघरात मतभेद होते. 'दिल मिल गये'मध्ये रिद्धिमाची भूमिका एकामागून एक तीन अभिनेत्रींनी केली, आणि भांडण पात्रावरून थेट अभिनेत्रींवर आलं: खरी रिद्धिमा कोणती? वाहिन्यांना यात वावगं दिसलं नाही. पुरस्कार सोहळ्यात 'सर्वोत्कृष्ट जोडी' हा विभाग ठेवायचा, प्रेक्षकांकडून मतं मागवायची आणि प्रोमोत 'कोण जिंकणार?' म्हणून विचारायचं, हे हिंदीत चाललं आणि मराठीतही चालतं. स्पर्धा वाहिनीने लावली आणि मतभेदाला हार-जीत चिकटली.

मराठी मालिकांमध्ये 'शिपिंग' हा शब्द फारसा वापरला जात नाही, पण घडतं तेच. 'आई कुठे काय करते' ही स्टार प्रवाहवरची मालिका बंगाली 'श्रीमोयी'वर बेतलेली; हिंदीतली 'अनुपमा'ही त्याच मुळाची. तिची नायिका, नवऱ्यापासून वेगळी झालेली अरुंधती, हिने आशुतोषशी लग्न करावं की नाही, यावर जितकं लिहिलं गेलं तितकं एखाद्या खऱ्या घटस्फोटितेच्या पुनर्विवाहावर क्वचितच उघडपणे बोललं जातं. त्या चर्चेतला बराचसा भाग मोलाचा होता. पण संसार मोडणाऱ्या तिच्या पहिल्या नवऱ्यापेक्षा, अनिरुद्धपेक्षा, त्याच्या प्रेयसीला, संजनाला, जास्त बोल लागले. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये नवऱ्याची प्रेयसी शनाया हिचंही तेच झालं होतं. डायना फाउलीचा हिशोब इथेही लागू पडला.

दैनंदिन मालिकेचं चित्रीकरण प्रक्षेपणाच्या थोडंच पुढे चालतं. त्यामुळे प्रेक्षकांचा राग लेखकांच्या टेबलापर्यंत लवकर पोचतो आणि त्याआधी तो कलाकाराच्या फोनवर पोचलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतून तेजश्री प्रधान बाहेर पडली आणि नायिका मुक्ताच्या भूमिकेत स्वरदा ठिगळे आली. सागर-मुक्ताची जोडी मनात बसलेल्या प्रेक्षकांची नाराजी समजण्यासारखी होती. पण ती झेलावी लागली स्वरदाला, आणि आधीच्या अभिनेत्रीच्या जाण्यात तिचा काहीच हात नव्हता. तिला भूमिका मिळाली होती, आणि ती सेटवर जाऊन काम करत होती.