शिकायला वेळ कुणाचा? नोकरदारांच्या शिक्षणामागचा इतिहास

अठराव्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्याला ‘तू का शिकतोस?’ असे कुणी विचारत नाही. चाळिशी ओलांडलेल्या नोकरदाराने पदवीला नाव घातले की हाच प्रश्न चारही बाजूंनी येतो. शिक्षण आधी, नोकरी नंतर, ही विभागणी आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. ती तशी नाही. यंत्रयुगाने ती घडवली, आणि ती ओलांडू पाहणाऱ्यांना मालकांनी मदत कधी केली, कधी केली नाही, याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. फीचे पैसे मिळणे तुलनेने सोपे असते. वेळ मिळणे फार अवघड.

कारखान्यांच्या आधी काम आणि शिक्षण वेगळे नव्हतेच. पोरगा उस्तादाच्या घरी राहायचा, पडेल ते काम करायचा आणि त्यातूनच कसब शिकायचा. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने बहुतेक हस्तव्यवसायांसाठी किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. व्यवहार सरळ होता. सुरुवातीची वर्षे शिकाऊ पोर उस्तादाला खर्चात घालते. पुढच्या वर्षांत हात बसला की तेच पोर जवळजवळ फुकट काम करून तो खर्च भरून देते. सात वर्षे गरजेपेक्षा फार जास्त आहेत, अशी टीका अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच केली होती. १८१४ मध्ये ही सक्ती रद्द झाली. नव्या गिरण्यांना सात वर्षांचे कसब नको होते, उद्यापासून यंत्रापाशी उभे राहतील असे हात हवे होते.

इथे वेळेचा मालक बदलला. उमेदवारीत कामाच्या तासातच शिक्षण होते. गिरणीत तासाला मोल आले आणि शिकणे म्हणजे तो तास वाया जाणे ठरले. ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत काम करणाऱ्या नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना रोज दोन तास शाळा सक्तीची केली, आणि शाळेचा खर्च म्हणून मुलाच्या मजुरीतून शिलिंगमागे एक पेनी, म्हणजे बाराव्या हिश्शापर्यंत, कापून घेण्याची मुभाही ठेवली. मालकाने शिक्षणाला दिलेला ‘आधार’ अशा प्रकारे मुलाच्याच खिशातून येत होता. कारखाना निरीक्षक लेनर्ड हॉर्नर यांना हजेरीच्या दाखल्यांवर सहीऐवजी फुली मारणारे ‘शिक्षक’ सापडले. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नाही, तो मुलांना अक्षरे शिकवत होता!

हॉर्नर यांच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. निरीक्षक होण्याच्या बारा वर्षे आधी, १८२१ मध्ये, त्यांनी एडिनबरोत कामगारांसाठी शाळा काढली होती. कारागिरांना गणित, रसायन, यंत्रशास्त्र शिकवणारी ही संस्था पुढे विद्यापीठ झाली. डॉक्टर जॉर्ज बर्कबेक यांनी ग्लासगोत कारागिरांना व्याख्याने देऊन जो प्रयोग केला, त्यातून १८२३ मध्ये लंडनमध्येही अशीच संस्था उभी राहिली. काही कारखानदारांनी या संस्थांना देणग्या दिल्या, कारण यंत्र का बिघडते हे समजणारा माणूस त्यांना हवा होता. पण वर्ग संध्याकाळी भरत, आणि बारा तास काम करून आलेला माणूस बाकावर बसला की डोळे मिटत. हळूहळू अनेक ठिकाणी या बाकांवर कामगारांऐवजी कारकून आणि दुकानदार दिसू लागले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली, तीही याच कारणाने रात्रीची होती: दिवस त्यांचा नव्हता.

टपालाने ही कोंडी थोडी फोडली. आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये लघुलेखनाचे धडे पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने, कुठल्याही संलग्न कॉलेजात न शिकलेल्यांनाही परीक्षेला बसू दिले. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनची गोष्ट तर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. खाणींतल्या अपघातांनंतर तिथल्या राज्याने खाणीच्या मुकादमांना परीक्षा सक्तीची केली. परीक्षा सक्तीची, पण शिकवणार कोण? खाणकामावरचे पत्र चालवणारे थॉमस फॉस्टर यांनी १८९१ मध्ये टपालाने धडे सुरू केले, आणि काही वर्षांतच त्या संस्थेची विद्यार्थिसंख्या लाखांत गेली. दिव्याखाली बसून गणिते सोडवणारे हे लोक पोरसवदा नव्हते. त्यांना बढती हवी होती, आणि अनेकांना खाणीत जिवंत राहायचे होते. रेल्वे कंपन्यांनीही या संस्थेशी करार केले. मात्र घेतलेला अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेणारे फार थोडे होते. त्यांचा आळस म्हणून हे सोडून देणे अन्यायाचे होईल. थकलेल्या माणसाला कुणी एक तासही मोकळा करून दिला नव्हता.

मोठ्यांना शिकवून काय उपयोग, हा समजही आड येत होता. पंचविशीनंतर माणसाच्या डोक्यात फारशा नव्या कल्पना शिरत नाहीत, असे विल्यम जेम्ससारख्या थोर मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहिले होते. १९२८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रौढांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले: पंचविशी ते पंचेचाळिशी या काळात शिकण्याची शक्ती घटते, पण फारच थोडी. यानंतरही विद्यापीठांचा विश्वास बसायला एक महायुद्ध लागले. अमेरिकेने १९४४ मध्ये परतणाऱ्या सैनिकांसाठी शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा विद्यापीठे बेकारांचे तळ बनतील अशी भीती शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी व्यक्त केली. प्रत्यक्षात सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले, त्यांतले कित्येक विवाहित, मुलेबाळे असलेले, आणि अभ्यासात ते नेहमीच्या विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड, बरेचदा पुढेच राहिले. त्या कायद्याने फी तर भरलीच, शिवाय घरखर्चासाठी एकट्याला महिना ५० डॉलर आणि कुटुंबवाल्याला ७५ डॉलर दिले. म्हणजे वेळ विकत घेऊन हातात ठेवला. माझ्या मते त्या यशाचे खरे कारण या भत्त्यात आहे.

नोकरी चालू ठेवून शिकू देण्याचे प्रयत्नही त्याच शतकात झाले. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्ग आणि कारखाना आलटून पालटून चालवण्याची पद्धत सुरू केली. जर्मनीत म्युनिकचे गेऑर्ग केर्शनश्टायनर यांनी शिकाऊ कामगारांसाठी उभ्या केलेल्या शाळांचा वारसा १९६९ च्या कायद्यातल्या दुहेरी पद्धतीत दिसतो: आठवड्याचे बहुतेक दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, आणि पगार चालू. ब्रिटनने हेच १९१८ मध्ये ठरवले होते. चौदा वर्षांवरच्या कामकरी मुलांना वर्षाला ३२० तास शाळा, तीही कामाच्या वेळेतून. मालकांचा विरोध आणि सरकारी काटकसर यांत ती योजना मोडली; ती टिकवली एकट्या रग्बी गावाने.

मालक कशासाठी पैसे घालेल, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये नेमका मांडला. जे कसब फक्त याच कंपनीत उपयोगी, त्याचा खर्च कंपनी करील. जे कुठेही चालेल त्याचा करणार नाही, कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कंपनीत जाईल. तरीही पदवीची फी भरणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. ‘शिक्षणानंतर इतकी वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे परत करीन’ असा करार अनेक जण लिहून घेतात, आणि त्यात उस्तादाच्या सात वर्षांची सावली मला स्पष्ट दिसते. करसवलतही कामाला येते. अमेरिकेत १९७८ पासून मालकाने भरलेली फी कामगाराचे उत्पन्न धरली जात नाही. त्यासाठी १९८६ मध्ये ठरलेली वर्षाला ५,२५० डॉलरची मर्यादा मात्र जवळपास चार दशके जागची हलली नाही.

पण माणसे फक्त बढतीसाठी शिकत नाहीत. सिरिल हौल यांनी १९६१ मध्ये, सतत काही ना काही शिकणाऱ्या २२ प्रौढांच्या मुलाखतींवरून तीन प्रकारची माणसे दाखवली: ठरलेले काही मिळवायचे म्हणून शिकणारी, सोबत आणि वावर हवा म्हणून वर्गात येणारी, आणि ज्ञानाचीच ओढ असणारी. मालकाच्या हिशेबात यांतला पहिला प्रकारच बसतो. फोर्डच्या ब्रिटनमधल्या कारखान्यांत १९८० च्या दशकाच्या शेवटी कामगार संघटनांनी वाटाघाटी करून जी योजना मिळवली, ती म्हणूनच महत्त्वाची. वर्षाला २०० पौंडांपर्यंत खर्च कंपनीचा आणि विषय कामगाराच्या आवडीचा, नोकरीशी संबंध नसला तरी चालेल. निवृत्तांना तर कुणाच्याच हिशेबात जागा नव्हती. त्यांच्यासाठी १९७३ मध्ये तुलूझमध्ये प्रा. पिएर व्हेला यांनी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ काढले आणि ती कल्पना जगभर पसरली.

वेळेचा प्रश्न कायद्याने थेट हाती घेण्याचा मोठा प्रयत्न १९७० च्या दशकातला. फ्रान्सने १९७१ मध्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना पगारखर्चाच्या ०.८ टक्के रक्कम प्रशिक्षणावर खर्च करणे बंधनकारक केले आणि शिक्षणरजेचा हक्क दिला. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी शिक्षणरजेचा करार, क्रमांक १४०, मंजूर केला. त्यात नोकरीपुरते शिक्षणच नव्हे, सामान्य, सामाजिक आणि कामगार संघटनेविषयीचे शिक्षणही धरले आहे. अर्धशतक झाले, तरी त्याला मान्यता देणारे देश पस्तीसच्या आसपासच आहेत.

फ्रान्समध्ये पुढे जे झाले त्याचे मला वाईट वाटते. २००४ मध्ये प्रत्येक कामगाराला वर्षाला २० तासांचा शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि २०१५ मध्ये त्याचे वैयक्तिक खाते झाले, तेही तासांतच मोजलेले. २०१९ पासून हे तास १५ युरोला एक या दराने पैशांत बदलले; आता खात्यात वर्षाला साधारण ५०० युरो जमा होतात. अभ्यासक्रम निवडणे मोबाइलवर सोपे झाले, हे खरे. पण कामाच्या वेळेत शिकायचे तर मालकाची परवानगी लागते. परवानगी नको असेल तर पाळी संपल्यावर शिकावे लागते.