हॅमिश मॅक्बेथ: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

"हॅमिश मॅक्बेथ बघायला घेतलं, तीन भाग झाले, पण यात खून कुठे आहे?" असं एक जण विचारतो. दुसरा मालिकेवर खूश होऊन पुस्तक आणतो आणि म्हणतो, "हा कोण भलताच माणूस?" दोघांना तेच तेच समजावून माझं तोंड दुखलं आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. एम. सी. बीटन यांची पुस्तकं आणि बीबीसी स्कॉटलंडची मालिका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नायकाचं नाव, हायलंड म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या त्याच्या गावाचं नाव (लॉखडू) आणि साध्या कॉन्स्टेबलचा हुद्दा एवढंच दोन्हीकडे सारखं. बाकीचं सारखं असेल असं धरून चाललात की फसलात.

पुस्तकांबद्दल फार सांगत नाही. रहस्यकथा वाचणाऱ्याला साचा पाठ असतो: लहान गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात, कुणीतरी मरतं, संशयित मोजके. पहिलं पुस्तक 'डेथ ऑफ अ गॉसिप' 1985 साली आलं, नंतर तिसाहून जास्त झाली. बीटनबाई 2019 च्या डिसेंबरात गेल्या. त्यानंतर आर. डब्ल्यू. ग्रीन यांनी हॅमिशला पुढे चालवलं. मालिका 1995 ते 1997 या काळातली, तीन सीझन, वीस भाग, आणि हॅमिश झालाय रॉबर्ट कार्लाइल.

वरवरचे फरक झटपट उरकू. पुस्तकातला हॅमिश सहा फुटांवर उंच, काटकुळा, लालभडक केसांचा; कार्लाइल बुटका आणि काळसर केसांचा. पुस्तकात आधी टाउझर नावाचा कुत्रा, पुढे लग्ज हा दुसरा कुत्रा आणि सोन्सी नावाचं रानमांजर. मालिकेत वी जॉक हा पांढरा टेरिअर. तो पहिल्याच सीझनमध्ये मरतो आणि नंतरच्या कुत्र्याचं नावही वी जॉकच ठेवतात. पुस्तकात हॅमिश वर्षानुवर्षं कर्नलच्या मुलीवर, प्रिसिला हॅलबर्टन-स्माइथवर झुरतो. मालिकेत प्रिसिला नाहीच, तिथे अलेक्झांड्रा आणि इसोबेल यांच्यात त्याची ओढाताण होते. पुस्तकातलं लॉखडू उत्तरेला सदरलंडमध्ये आहे. ते बीटनबाईंनी कल्पिलेलं गाव, तेव्हा नकाशात शोधू नका. मालिकेचं चित्रीकरण झालं खाली रॉस-शायरमधल्या प्लॉक्टनला. तिथे समुद्राकाठी ताडासारखी झाडं दिसतात ती न्यूझीलंडची. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ती त्या थंड मुलखात तग धरतात. स्कॉटलंडमध्ये ताड कसे, म्हणून सेटवर संशय घेणारेही मी पाहिलेत.

लोक अडखळतात ते यातल्या कशालाही नाही. त्यांची गफलत होते कारण एक गोष्ट दोन्हीकडे हुबेहूब सारखी दिसते. दोन्ही हॅमिश बढती टाळतात, दोघांनाही गाव सोडून मोठ्या ठाण्यात जायचं नसतं आणि दोघंही आळशी वाटतात. त्यामुळे माणूस तोच आहे, गोष्ट फक्त जरा पातळ केली, असा समज होतो. पण बढती टाळण्यामागचं कारण वेगळं आहे, आणि त्या कारणापाशी सगळी गोष्टच फिरते.

पुस्तकातला हॅमिश श्रेय लपवतो. मालिकेतला हॅमिश वेळ पडली तर गुन्हाच लपवतो.

आधी पुस्तकाचं पाहू. लॉखडूत बहुतेक वेळा मरणारा माणूस बाहेरचा असतो किंवा उपरा म्हणून नुकता येऊन टेकलेला. तो येतो, चार दिवसांत पाच-दहा जणांना दुखावतो, आणि मरतो. 'डेथ ऑफ अ गॉसिप'मध्ये मासेमारी शिकवणाऱ्या वर्गाला एक लेडी जेन येते. वर्गातल्या प्रत्येकाचं काहीतरी गुपित तिला ठाऊक असतं आणि ती ते चारचौघांत टोचत राहते. 'डेथ ऑफ अ परफेक्ट वाइफ'मध्ये ट्रिक्सी थॉमस नावाची इंग्रज बाई येऊन गावाला शिस्त लावायला लागते. अशांना कुणी मारलं, हा प्रश्न पुस्तकात खरोखर प्रश्न असतो आणि त्याला खरोखर उत्तर असतं. हॅमिश ते कसं काढतो? प्रयोगशाळा त्याच्याकडे नाही. तो चहा पीत लोकांच्या घरी बसतो, खोटं बोलणाऱ्याला बोलू देतो आणि जगभर पांगलेल्या नातेवाइकांना फोन लावतो. लंडनला, अमेरिकेला कुणी ना कुणी मॅक्बेथ असतोच. आपल्याकडे लग्न ठरवताना मुलाच्या घरची माहिती ज्या रीतीने काढतात, ती ही रीत.

उत्तर सापडलं की ते तो स्ट्रॅथबेन या शहरातल्या मोठ्या ठाण्याच्या चीफ इन्स्पेक्टर ब्लेअरच्या पदरात टाकतो. ब्लेअर ग्लासगोचा, आडदांड, हॅमिशला पाण्यात पाहणारा. श्रेय त्याला गेलं की बढती टळते, लॉखडूचं ठाणं टिकतं, मागच्या अंगणातल्या कोंबड्या आणि मेंढ्याही टिकतात. हॅमिश घरातला थोरला, पाठच्या भावंडांसाठी पैसे पाठवणारा, त्यामुळे फुकटचं घर सोडणं त्याला परवडत नाही. पुढे एकदा तो सार्जंट होतो. ते पद जातं तेव्हा वाचकालाच सुटल्यासारखं वाटतं. पण नीट पाहा: इतकं सगळं करताना खुनी मात्र तो सोडत नाही. त्याचं आळशी असणं कामाच्या आड येत नाही, फक्त नावाच्या आड येतं.

"अहो, पण तो चोरून सामन मासा धरतो, हरणं मारतो, मग तोही कायदा मोडतोच की!" मोडतो. पण ते हायलंडचं जुनं दुखणं आहे. नदीतला मासा आणि डोंगरावरचं हरीण घेणं ही चोरी नव्हे, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदरलंडच्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. त्या मुलखात नदी आणि डोंगर साहेबाचे हे मनापासून कोण मानणार? त्यामुळे सामन धरणाऱ्या हॅमिशचं आणि खुन्याला पकडणाऱ्या हॅमिशचं आपसात भांडण नाही.

मालिकेत नेमकं हेच भांडण मध्यावर येऊन बसतं. पहिल्या भागाचं नावच पाहा, ते मिठाच्या चोरीचं आहे. इथे काय घडलं ते गावाला कित्येकदा आधीच माहीत असतं. कुणी केलं याचीही कुजबुज असते. प्रश्न पुढचा असतो: आता याचं करायचं काय? हॅमिश सरकारचा पगारी नोकर, पण राहतो यांच्यात, आणि कागदावर काय लिहायचं हे त्याच्या हातात. बाहेरून आलेल्या कायद्याला गावाचं खरं दुखणं कळणार नाही, असं त्याला वाटतं. मग तो कुणाला अभय देतो, कुणाला गुपचूप दम देतो, कधी वरिष्ठांच्या डोळ्यांत धूळ फेकतो. त्याने बढती घेतली तर गाव दुसऱ्या पोलिसाच्या हाती जाईल, आणि तो पोलिस नियमाने वागेल. त्याला भीती आहे ती याची, कोंबड्यांची नव्हे.

म्हणून मालिकेला रहस्यकथा म्हणून बघू नका, तुमचा हिरमोड होईल. डॅनिएल बॉयल यांनी रचलेलं हे प्रकरण अर्धं विनोदी, अर्धं दुःखी आणि बरंचसं विक्षिप्त आहे. एखादा भाग हसवत हसवत नेतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत गळा दाबतो. शेवटचा दोन भागांचा किस्सा 'डेस्टिनी' हा स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाच्या पुरातन दगडाभोवती फिरतो. 1296 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो नेला होता आणि 1996 च्या नोव्हेंबरात तो एडिंबरोला परत आला, म्हणजे मालिका संपायच्या काही महिने आधी. तेव्हा या मालिकेची नजर कुठे होती ते कळेल. खुनी कोण हा तिचा प्रश्न कधीच नव्हता, 'आपलं गाव, आपला कायदा' हा होता.

बीटनबाईंना मालिका आवडली नव्हती आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांचं मला पटतं, पण अर्धंच. बाई ग्लासगोच्या, एके काळच्या वृत्तपत्रातल्या गुन्हे-वार्ताहर. सदरलंडमध्ये राहून, मेंढ्या पाळून त्यांनी तो मुलूख पाहिला होता. त्यांच्या पुस्तकातलं गाव प्रेमळ नाही. करी नावाच्या दोघी बहिणी खिडकीआडून सगळं टिपतात, लोक गोड हसून खोटं बोलतात, आणि कधीकधी एखाद्याला वाळीत टाकतात. मालिकेने त्या गावाला एकजुटीचा मुलामा दिला, ही तक्रार खरी आहे. पण "मालिकेने पुस्तकाची वाट लावली" हे पालुपद ऐकलं की मला राग येतो. मालिकेने दुसरीच गोष्ट सांगितली आणि ती उत्तम सांगितली. उलट पुस्तकं पहिल्या सात-आठ नंतर स्वतःचीच नक्कल करू लागतात, हे कबूल करायला चाहते तयार नसतात.

जाता जाता आणखी एक. या गोष्टींबद्दल बोलताना कुणी "स्कॉटलंड यार्ड" म्हणालं की मी उठून जाते. स्कॉटलंड यार्ड म्हणजे लंडनचे पोलिस, त्यांचा स्कॉटलंडच्या कायद्याशी संबंध नाही. तिथे कॉरोनरही नसतो. संशयास्पद मृत्यूचा तपास प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली चालतो. स्ट्रॅथबेनही काल्पनिक आहे. खरं पाहायचं तर हायलंडचा कारभार त्या काळी नॉर्दर्न कॉन्स्टॅब्युलरीकडे होता. 1 एप्रिल 2013 ला सगळी स्कॉटिश दलं मिळून पोलिस स्कॉटलंड झालं. आणि 'शेटलंड' ही मालिका म्हणजे हॅमिशचा नवा अवतार नव्हे. ती अ‍ॅन क्लीव्ह्ज यांच्या पुस्तकांवरची, गंभीर, आणि तिथे खून हा खूनच असतो.

तर, खुनी कोण याचा छडा लावायचा असेल तर पुस्तकं. प्रिसिलाचं प्रकरण कळावं म्हणून पहिली काही क्रमाने वाचा, नंतर क्रमाचं एवढं नाही. एका गावातल्या माणसांत रमायचं असेल तर मालिका, आणि मला एकच निवडायला सांगितलं तर तीच. पुस्तकांतलं फक्त एक वाचणार असाल तर 'डेथ ऑफ अ‍ॅन आउटसायडर' घ्या. त्यात हॅमिशला काही दिवस शेजारच्या नॉथन गावी पाठवतात, तिथे त्याच्याशी कुणी धड बोलतही नाही, आणि बाईंची तिखट नजर सगळ्यात स्वच्छ दिसते ती तिथे. फक्त त्या आठवड्यात मालवणला जाऊन शेवंड खायचा बेत असेल तर आधी तो उरका. प्रेताचं काय होतं ते वाचल्यावर ताट पुढे ओढवणार नाही.